टरफलं नकोत

बादली उलटी केली तर माती बादलीच्याच आकाराची बाहेर आली. आईने तिच्यावर खुरप्याचा दांडा आपटला. टणक आवाज झाला. दुसऱ्या फटक्याला एक खपली पडली आणि आत वांग्याची मुळं दिसली. काळपट, बुळबुळीत, तुंबलेल्या गटारासारखा वास मारणारी.

"ही माती आहे का फरशी?" आबा म्हणाले.

"रोज पाणी घालते मी. एक दिवस चुकवलेला नाही."

"म्हणूनच गेलं असंल."

"जास्त झालं म्हणताय?"

"मला काय विचारतीस? मी डेपोत गाड्या दुरुस्त केल्या, वांगी नाही." आबांनी खपली बोटांत चुरडायचा प्रयत्न केला. चुरडली नाही. "पण हिच्यात हवा शिरायला जागाच नाही. मुळं काय नुसतं पाणी पिऊन जगत्यात? कशानं चाळलीस?"

आईने मान वळवली. जिन्याच्या दाराशी खिळ्याला पिठाची चाळणी लटकत होती. तिच्या जाळीत लाल माती अडकलेली होती.

"आगं, मातीच्या पोळ्या लाटायच्या होत्या का?"

मी हसले. ते दोघंही थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. घरी आल्यापासून मी पहिल्यांदाच हसले असणार. मी पटकन खाली वाकले आणि कुजलेली मुळं गोळा करू लागले.


आई

आई सगळं चाळायची. पीठ, रवा, हळद, तिखट. मीठसुद्धा. चाळणीवर राहतं ते टाकायचं, खाली पडतं ते घ्यायचं. गच्चीवर रंगाच्या बादल्यांत भाजी लावायची ठरली तेव्हा तिने मातीचंही तेच केलं. खडे, काड्या, न कुजलेले देठ, सगळं वेचून फेकून दिलं आणि मैद्यासारखी माती बादल्यांत भरली. पाणी पडलं, ऊन पडलं, पुन्हा पाणी पडलं. माती बसत गेली.

गावातल्या काही बायकांचा गच्चीवर भाजी पिकवणारा गट होता. विकतचं खत घालायचं नाही, औषध मारायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. शेणखत, जीवामृत, निंबोळीचं पाणी. त्या गटात आईला मान होता. तिच्या बादल्यांत एक काडी दिसायची नाही.

मी

हे कऱ्हाडचं आहे. होळी नुकतीच झाली होती. मी चोवीस वर्षांची होते, लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि एक पिशवी घेऊन मी माहेरी आले होते. चार दिवसांसाठी, असं दारातच सांगितलं होतं. चार दिवस संपले, महिना झाला. मग तात्यांनी, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाने, फलटणकडे माझ्या सासरी फोन केला आणि रविवारची बैठक ठरवली. सासूबाई येणार, माझा नवरा धैर्यशील येणार, त्यांचे एक चुलते येणार. मी परत जायचं की नाही, ते रविवारी ठरणार होतं.

तात्या घरी येऊन मला विचारून गेले होते.

"मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"बाहेर काय भानगड?"

"नाही, तात्या."

"मग कारण काय, बाळ? बैठकीत कारण लागतं. कारणच नाही म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं बोलू?" ते उठले, पायताण घातलं. "कपडे भरून ठेव."

कारण होतं. मार खाल्ला असता तर सांगता आलं असतं. हे सांगण्यासारखं नव्हतं.

आईने मात्र काही विचारलं नाही. ती म्हणाली, "रविवारपर्यंत ही सगळी माती फोडून दे मला. तू गेलीस तर एकटीला नाही जमायचं."


विटा

मातीत असं काहीतरी मिसळायला हवं होतं की जे भरड राहील, दबणार नाही आणि मुळांना हवा पोचवेल. आबांनी शेजारच्या बांधकामावरून फुटक्या विटा आणल्या. मी गच्चीवर बसून हातोड्याने त्यांचा चुरा करायला लागले. विटा फोडायला बरं वाटत होतं. आवाज मोठा व्हायचा आणि कुणी बोललेलं ऐकू यायचं नाही.

साळुंखे काकू तरीही ऐकू आल्या. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून होती आणि मधला कठडा कमरेएवढा.

"अगंबाई, रेवती! आहेस होय अजून?"

"आहे, काकू."

"पाहुणे येणार म्हणं रविवारी?"

आई तुळशीमागून म्हणाली, "येणार हायत. तुमी पण या. येताना हातोडा घेऊन या, लई विटा राहिल्यात."

काकू हसल्या आणि गेल्या. आई हसली नाही.

संध्याकाळी आबांनी भरलेली बादली उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. "अशा सगळ्या बादल्या झाल्या तर स्लॅब खाली येईल. आपण सगळे तात्यांच्या आधी पोचू देवाघरी."

विटा बाद. थोडा चुरा एका बादलीत राहिला.


तूस

भाताच्या गिरणीतून आबा तुसाचं पोतं घेऊन आले. हलकं, सोनेरी, हातात घेतलं तर काहीच घेतलं नाही असं वाटणारं. मला ते लगेच आवडलं. मी आईला म्हटलं, "हेच घालू, बघ की किती मोकळी झाली माती."

"झाली खरी."

"मग झालं तर. आता दुसरं काही शोधायला नको."

दुपारी वारा सुटला. पोत्याचं तोंड मी बांधलेलं नव्हतं.

पलीकडच्या गच्चीवर साळुंखे काकूंच्या कुरडया वाळत होत्या. साबणाच्या फेसासारख्या पांढऱ्या, जुन्या साडीवर ओळीने घातलेल्या.

"शैलावहिनी! ओ शैलावहिनी! या हिकडं, बघा! कुरडयांना मिशा फुटल्यात!"

आम्ही दोघी कठडा ओलांडून गेलो आणि कुरडयांवरून एकेक तूस वेचत बसलो. काकू समोर खुर्ची टाकून बसल्या. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं हे मला कळत होतं. मी मान वर केली नाही.

"वळण चांगलं लागलंय हो पोरीला," त्या आईला म्हणाल्या. "खाली मान. सासरचं वळण."

आई म्हणाली, "हो. आहेच."

तिच्या आवाजात अभिमान होता. हे लक्षात ठेवा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.


दगडाच्या लाह्या

हे मी आणलं. नदीपलीकडच्या रोपवाटिकेत गेले, डोक्यावर ओढणी घेऊन, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. तिथे पुण्याहून आलेलं परलाइट मिळायचं. पांढरेशुभ्र, हलके, बोटाच्या पेराएवढेही नसलेले दाणे. रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितलं की एक प्रकारचा दगड भट्टीत तापवला की फुगतो आणि त्याचे हे दाणे होतात. कुजत नाहीत, दबत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात.

आबांनी पिशवीत हात घातला. "म्हणजे दगडाच्या लाह्या."

"आई, हे सगळ्यात चांगलं आहे. एकदा घातलं की पुन्हा बघायला नको."

आईने एक दाणा दोन बोटांत धरून दाबला. त्याचं पीठ झालं. धूळ उडाली, मला ठसका लागला.

"दगड सेंद्रिय कसा असंल?" ती म्हणाली. "हे कधी जिवंत होतं का?"

"वीट कुठं जिवंत होती?"

"वीट एखाद्या घराची तरी असती."

"आई, औषध नाही हे. खत नाही. नियमात बसतं तुमच्या."

"बसंल. पण तुला एवढी घाई का झालीय? तू माती बघतीयेस का पिशवी संपवतीयेस?"

मला घाई झाली होती, कारण आदल्या दिवशी फोनच्या स्पीकरवर तिचं सरिता या तेलघाणीवाल्या मैत्रिणीशी झालेलं बोलणं मी ऐकलं होतं. मैत्रीण म्हणत होती, शेंगांची टरफलं ने, फुकट ने, पोती पडलीयेत.


शेंगांची टरफलं

आबांनी एम-एटी गाडीवर पुढे पोतं ठेवून आणलं. आईने गच्चीवर त्याची शिवण उसवली. तो वास आला. मातीचा, तेलाचा, उन्हाचा.

"टरफलं नकोत," मी म्हटलं.

"का गं?"

"मुंग्या येतील."

"तुसाला नाही आल्या?"

"उंदीर येतील मग."

"टरफलं खाऊन उंदीर काय करतील?"

"बुरशी धरते त्यांना. कुजतात. वर्षभरात संपून जातात, पुन्हा घालावी लागतात. त्यापेक्षा परलाइट. नाहीतर इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणू. कोळसा तर झाडाचाच असतो, तो जिवंत होता. कोळसा घालू आई, आपण."

"कोळसा घालूच. पण नुसत्या कोळशानं भागायचं नाही." आईने ओंजळभर टरफलं उचलून पाण्याच्या टबात सोडली. ती तरंगली, होड्यांसारखी. "शेणकाल्यात भिजवायची, जरा कुजली की मिसळायची. सरिता सांगत होती. सगळ्यात मोकळी माती होती म्हणे." मग ती माझ्याकडे वळली. "तुझं टरफलांनी काय घोडं मारलंय?"

"काही नाही."

"मग पोतं रिकामं कर. मी शेणकाला बघते."

ती खाली गेली.


यापुढचा भाग मी आधी असा लिहिला होता:

आई खाली गेल्यावर मी टरफलांचं पोतं जमिनीवर पसरलं आणि त्यातले खडे वेचायला बसले. तेलघाणीतून आलेल्या टरफलांत खडे असतात. आई वर आली तेव्हा मी खडे वेचत होते.


खडे नव्हते.


आता नीट लिहिते.

तेलघाणीत शेंगा फोडताना काही शेंगा न फुटताच टरफलांबरोबर पोत्यात जातात. पोतं पसरल्यावर मला त्या दिसल्या. एक, दोन, तिकडे आणखी. माझं पोट भरलेलं होतं. नुकतंच जेवण झालं होतं, आईने आग्रह करकरून वाढलं होतं. तरी माझा हात गेला. मी पोत्याच्या मागे सरकले, कठड्याकडे तोंड केलं, जिन्याकडे पाठ केली. शेंगा दातांनी फोडल्या, आवाज होऊ नये म्हणून तोंडातच. दाणे भरभर चावले. आणि टरफलं टाकली नाहीत. पुढ्यात टरफलांचा ढीग होता, त्यात चार टरफलं कुणाला दिसली असती? तरी मी ती मुठीत घेऊन ओढणीच्या टोकात बांधत होते.

किती वेळ खात होते माहीत नाही. मग मला कळलं की जिन्याच्या दाराशी कुणीतरी उभं आहे आणि बराच वेळ उभं आहे.

आई होती. हातात शेणकाल्याची बादली.

"कधीपासनं?"

"काय?"

"भिंतीकडं तोंड करून खातीस ते."

मी ओढणीचं टोक पाठीमागे धरलं. तोंडातलं गिळता येईना, बाहेरही टाकता येईना.

आईने बादली खाली ठेवली. हात पदराला पुसले. ते स्वच्छच होते, तरी पुसत राहिली.

"आल्यापासनं बघतेय मी," ती म्हणाली. "ताटातलं शेवटचं शीत उचलून खातीस. भाकरी वाढली की आधी अर्धी बाजूला ठेवतीस. आम्ही उठल्याशिवाय बसत नाहीस. मला वाटलं, वळण. त्या साळुंखीणीला पण मी मोठ्या तोंडानं म्हटलं, हो, आहेच." तिने पदर सोडला. "तिथं कोठीला कुलूप असतंय?"

मी मान डोलावली.

"किल्ली?"

"त्यांच्या कमरेला."

आई टरफलांतच बसली, माझ्यासमोर. तिने जास्त काही विचारलं नाही. मला सांगायचंही नव्हतं. तिला सांगितलं नाही ते इथे सांगते.


बियाणं

माझं सासर दुधातुपाचं होतं. गोठ्यात म्हशी, दारात ट्रॅक्टर, ओसरीवर सतत चहा. सून सगळ्यांच्या मागून जेवायची, हे आमच्याकडेही असायचं, त्यात काही नवल नव्हतं. पण तिथे मागे किती उरणार ते सासूबाई ठरवायच्या. त्या झाकून ठेवायच्या, कुलूप लावायच्या आणि मग मला म्हणायच्या, जेव आता. टोपल्यात अर्धी भाकरी असायची. कधी कालवणाच्या टोपाला लागलेलं. एकदा मी आणखी मागितलं. त्या म्हणाल्या, "बाईच्या जातीला एवढी भूक शोभत नाही." त्या चिडून बोलल्या नाहीत, शिकवल्यासारखं बोलल्या. मी धैर्यशीलला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आईला माग की." मी म्हटलं, मागितलं. तो म्हणाला, "मग नीट माग."

मला सतत भूक लागायची. एवढंच कारण. मोठ्या घरातली, चांगल्या कपड्यांतली बाई, आणि तिला सतत जेवण दिसायचं. हे तात्यांना कसं सांगणार? कुणाला कसं सांगणार?

उन्हाळी शेंगेचं बियाणं फोडायला बायका बोलावल्या होत्या. मीही त्यांच्यात बसले. बियाणं खायचं नसतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. भुकेलेला माणूससुद्धा बियाणाला हात लावत नाही. बायका चहाला उठल्या तेव्हा मी मूठभर शेंगा ओच्यात घेतल्या, पोत्यांच्या आड गेले, भिंतीकडे तोंड केलं. टरफलं सापडू नयेत म्हणून ती पुन्हा ओच्यात घालून ओचा कमरेला खोचला.

सासूबाईंनी हाक मारली. मी घाईने उठले. खोचलेला ओचा सुटला आणि टरफलं सगळ्यांसमोर खाली पडली.

"बघा गं बायांनो," त्या म्हणाल्या. "पेरायच्या आधीच बियाणं खाती आमची सून."

धैर्यशील दारात होता. तो हसला. वाईट हसला नाही, लहान पोराच्या खोडीला हसतात तसं हसला. "पोटात काय खड्डाय का गं तुझ्या?"

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली.


पुन्हा गच्ची

आई टरफलांत बोटं फिरवत होती. तिला एक न फुटलेली शेंग सापडली. तिने ती फोडली, दाणे माझ्या गुडघ्यावर ठेवले. मग दुसरी शोधली. माझ्याकडे न बघता ती शोधत होती, फोडत होती आणि ठेवत होती. मी खात नव्हते. दाणे साठत गेले.

"नको असली तर नाही घालायची टरफलं," ती म्हणाली. "कोळसाच घालू नुसता. तुझ्या त्या लाह्या पण घालू."

ओढणीचं टोक अजून माझ्या मुठीत होतं. मी गाठ सोडली आणि आतली टरफलं ढिगात टाकली.

"घाल," मी म्हटलं. "चांगली आहेत."

"कुजतील म्हणालीस."

"कुजतात."

"मग पुन्हा घालू की. त्यात काय."

शनिवारी, टरफलं जरा कुजल्यावर, आम्ही सगळ्या बादल्या भरल्या. माती, शेणखत, कोळशाचा भरडा, भिजवलेली टरफलं. मिसळताना आईने सवयीने खिळ्यावरची चाळणी काढली. हातात धरून तिच्याकडे बघितलं. मग ती खाली घेऊन गेली आणि परत आलीच नाही. मी जिन्यावरून डोकावले तर ती मोरीत बसून चाळणी घासत होती. घासून झालेली चाळणी पुन्हा घासत होती.


आता मी एका ऑफिसात काम करते. डबा खायची वेळ झाली की सगळ्या टेबलाभोवती बसतात. मी बोलता बोलता खुर्ची थोडी फिरवते. कुणाच्या लक्षात येत नाही. मला वाटतं, येत नाही.


रविवार

बैठक आमच्या पुढच्या खोलीत झाली. तात्या मधल्या खुर्चीवर. त्यांच्या शेजारी सासरकडचे चुलते. धैर्यशील दिवाणावर, इस्त्रीच्या शर्टात. सासूबाई त्याच्या शेजारी, काठपदराच्या नऊवारीत. आबा दाराजवळ. मला भिंतीला लागून ठेवलेल्या स्टुलावर बसवलं होतं. पिशवी भरून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेली होती, तात्यांनी सांगितल्याप्रमाणे.

आई आत होती. तात्यांसमोर ती कधी बसायची नाही. डोक्यावर पदर घ्यायची, बोलायचं झालं तर आबांच्या आडून बोलायची. मोठे दीर. एवढ्या वर्षांत मी तिला त्यांच्याशी सरळ बोलताना ऐकलं नव्हतं.

"आमची काय तक्रार नाही," चुलते म्हणाले. "पोरगी चांगलीये."

"कामाची आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी कधी नाव ठेवलं नाही. दुधातुपाचं घर आमचं. काय कमी पडलं तेवढं विचारा तिला. मला पण कळू द्या."

तात्या माझ्याकडे वळले. "सांग, बाळ. आता सगळे आहेत. काय असंल ते सांग."

मी सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. शब्द तयार होता. एकच शब्द होता. तो ओठांपर्यंत यायचा आणि मला त्या बायका दिसायच्या, चहाचे कप हातात घेऊन माझ्या पायाशी पडलेल्या टरफलांकडे बघणाऱ्या.

"काही नाही," मी म्हटलं.

धैर्यशील हसला. तसाच. "ती जरा हळवी आहे, तात्या. होईल सवय."

"मग झालं," तात्या म्हणाले. त्यांचा खरंच जीव हलका झालेला दिसला. "संसारात भांड्याला भांडं लागतंच. शैला, पोहे आण. पाहुण्यांना पुढं जायचंय."

आई पोहे घेऊन आली. ट्रे नव्हता. एकच ताटली होती. मोठी, आबांची जेवायची ताटली, तिच्यात पोह्यांचा ढीग, वर दाणे, खोबरं, लिंबाची फोड. डोक्यावर पदर होता. चुलत्यांनी खुर्चीत सरसावून हात पुढे केला. आई त्यांच्यासमोरून गेली. तात्यांसमोरून गेली. सासूबाईंनी पाय जवळ घेतले, तिला वाट द्यायला.

ती माझ्यासमोर थांबली आणि ताटली माझ्या हातात दिली.

"खा."

 मला वाटलं, आईचं चुकलंय, आता ती ओशाळेल, ताटली उचलून पाहुण्यांकडे नेईल. ती तिथेच उभी राहिली.

"शैला," तात्या हळू आवाजात म्हणाले, "आधी पाहुण्यांना..."

"पाहुणे घरनं जेवून आलेत, भाऊजी." आई सरळ त्यांच्याकडे बघत बोलली. "ही आली नव्हती."

चुलत्यांचा हात अजून पुढेच होता. त्यांनी तो मांडीवर ठेवला. आबांनी दाराची कडी धरली होती, ती वाजली.

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही म्हणायचं. तिचं खाऊन होऊ दे. मग बोलू."

मी घास घेतला. तो तोंडात फिरत राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला मरावंसं वाटत होतं. ताटली मांडीवर घेऊन मी नकळत स्टुलावर फिरले. आधी गुडघे, मग खांदे. माझं तोंड भिंतीकडे झालं. ताटली पोटाशी आली. हात भरभर चालायला लागला, एक घास गिळायच्या आत दुसरा. मला माहीतच नव्हतं मी काय करतेय. पाठीमागे शांतता झाली. वेगळी शांतता. मग ती मला ऐकू आली आणि माझा हात थांबला.

तात्यांनी बघितलं होतं. सगळ्यांनीच बघितलं होतं.

"हे काय..." तात्या म्हणाले. 

आईचे हात माझ्या खांद्यांवर आले. कोळशाच्या भरड्याने नखं काळी पडलेली होती. तिने मला धरून फिरवलं. लहानपणी वेणी घालताना डोकं सरळ करायची तसं.

"इकडं तोंड करून खा," ती म्हणाली.

मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक गळत होतं. समोर धैर्यशीलचे मोजे घातलेले पाय होते. तो आता हसत नव्हता. सासूबाई जागच्या जागी हलल्या आणि त्यांच्या कमरेच्या किल्ल्या वाजल्या. तात्यांनी त्या किल्ल्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे. मग त्यांनी मान खाली घातली. मी खालचा प्रत्येक पोहा वेचला, शेवटचा दाणासुद्धा. लाजेने माझे कान पेटले होते आणि तरी मी वेचत होते.

ताटली रिकामी झाली. आईने ती घेतली.

"अजून आणू?"

सगळे ऐकत होते.

"आण," मी म्हटलं.